एक बरगडी वर

एका बैलावर आळ आला होता आणि तो उतरवायला मला पुण्याला जावं लागलं. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा तोच आठवडा डोळ्यांपुढे आला. खरं तर गेले अकरा महिने मी काही लिहिलं नाही, वाचलंही नाही. माझे यजमान गेले. ते गावातल्या एका लहान वाचनालयाचे ग्रंथपाल होते. घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणायची. लिहिताना काय म्हणावं ते अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून इथे ग्रंथपालच म्हणते. रोज दहाबारा ओळी लिहिते आणि उठते. पण त्या बैलाचा मालक मारुती, त्याच्या गोष्टीपाशी आले की हात आपोआप भराभर चालायला लागतो.

मी भोरमधल्या एका खाजगी दवाखान्यात ईसीजी काढायची. तो दवाखाना आता बंद झाला. ईसीजीला आमच्याकडे ‘काळजाचा फोटू’ म्हणतात, पण तो फोटो नव्हे. प्रत्येक ठोक्याला हृदयात बारीकशी वीज फिरते, तिचा माग कागदाच्या पट्टीवर उमटतो. वीज एकच, पण ती बारा बाजूंनी पाहायची, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. हातापायांना चार चिमटे आणि छातीवर सहा रबरी फुगे. फुगा दाबायचा, छातीवर टेकवायचा, सोडायचा. तो चिकटून बसतो. त्यांना आम्ही लीड म्हणतो. कौशल्य आहे ते लीड कुठे लावायची यात. पहिल्या दोन छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्याउजव्या बाजूला, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत. शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगायची, फटी डोळ्यांनी मोजू नका, बोटांनी मोजा. डोळा लाजतो, बोट लाजत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा वेल्ह्याच्या डोंगरातून एक धनगर म्हातारा आला. वायरी पाहून उठूनच बसला.

“बाई, ह्यातनं करंट आत जातो का भाईर येतो?”

“बाहेर येतो, बाबा.”

“मग समदा भाईर आल्याव माज्यापाशी काय ऱ्हातंय?”

शेवटी मी वायरी स्वतःच्या हातापायांना लावून त्याला माझी पट्टी काढून दाखवली. त्याने ती बराच वेळ निरखली आणि म्हणाला, “हात्तिच्या. मेंढरं चालल्यात की ओळीनं. एकामागं एक.” इतकं सोपं आणि बरोबर वर्णन मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. पुढे मुलींना शिकवताना मी तेच वापरलं. मेंढरं ओळीने चालली पाहिजेत, अंतर सारखं पाहिजे, कुणी मागे राहता कामा नये.

एका सासूबाई सुनेला घेऊन तावातावाने आल्या होत्या. सुनेच्या छातीवर सहा लाल वर्तुळं कशाची, हा त्यांचा सवाल. मी त्यांच्याच दंडाला फुगा लावला, थोड्या वेळाने काढला. वर्तुळ पाहून त्या हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “मग आदी सांगायचं न्हाई व्हय?” सून म्हणाली, “तुमी बोलू दिलं का?”

आता मारुती.

सहाएक वर्षं झाली. भाताची झोडणी चालू होती. उत्रोलीचा मारुती, वय चाळिशीच्या आत, अंगाने काटक, बायकोबरोबर दवाखान्यात आला. बायकोचं नाव सुमन. छातीत दुखतंय आणि अंग तापाने भाजतंय, म्हणून डॉक्टरांनी त्याला माझ्या खोलीत पाठवलं. आमचे डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि दिवसाला शंभर माणसं तपासत होते.

“काय झालं?” मी विचारलं.

“बैलानं ढुशी दिली परवा,” सुमन म्हणाली. “पाखऱ्या तसा गरीब हाय वो. वैरण खात हुता, आन ह्येंनी मागनं जाऊन हात लावला. ह्येंचंच चुकलं.”

“बघा,” मारुती म्हणाला, “बैलाची वकील घिऊन आलोय.”

त्याने सदरा काढला. छातीच्या मधोमध वीतभर रुंद तपकिरी लेप, वाळून पापडासारखा कडक झालेला. आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून लावतात मुक्या माराला, आमच्या भागात घरोघरी. लेप नेमका चौथ्या फटीपासून खाली होता. मी ओला कापूस घेतला, तशी सुमनने पुढे होऊन लेपावर हात ठेवला.

“न्हाई वो बाई. त्यो आपल्या हातानं काढायचा न्हाई. वाळून आपसूक सुटला पायजे. मदीच काढला तर दुखनं आत बसतं. माज्या बापानं वेल्ह्यावरनं यिऊन लावलाय.”

“काढू नका बाई,” मारुती म्हणाला. “सासऱ्याचा लेप हाय. तुमी काढला तर ही मला घरात घ्यायची न्हाई.”

बाहेर रांग होती. मी वाद घातला नाही. पहिल्या दोन लीड एक बरगडी वर, तिसऱ्या फटीत लावल्या. बाकीच्या चार लेप चुकवून कशाबशा बसवल्या. पट्टी निघाली.

तिच्यातलं पहिल्या दोन लीडचं चित्र मी कधीच विसरणार नाही. एरवी ठोक्याचा उंच सुळका येतो आणि रेघ झटकन सपाटीवर उतरते. इथे सुळक्यावरून रेघ खाली यायलाच तयार नव्हती. ती वरच्या वर थबकून घसरगुंडीसारखी तिरकी घसरत, जमिनीच्याही खाली गेली होती.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे काय आहे?”

मी म्हणाले, “सर, लीड एक बरगडी वर आहेत. छातीवर लेप आहे.”

आठी गेली. “मग बरोबर. वर लावलं की असलं काहीतरी फसवं येतं. लेप सुटला की पुन्हा काढा.” तापाच्या गोळ्या देऊन मारुतीला घरी पाठवलं.

मी खोटं बोलले नव्हते. सांगायला हवं तेच सांगितलं. पण माझ्या त्या एका वाक्यामुळे त्या घसरगुंडीकडे पुन्हा कुणी पाहणार नव्हतं.

आता एक कबुली. रद्द झालेल्या पट्ट्या मी घरी न्यायची. आखीव गुलाबी कागद, लांबट, सरळ. पुस्तकात खूण ठेवायला त्यासारखं काही नाही. हे चूक होतं, दुसऱ्याचा कागद होता तो, आणि आज शिकणाऱ्या मुलीने असं केलं तर मी तिला रागावेन. वाचनालयाची पुस्तकं परत करताना त्या पट्ट्या आत राहायच्या. ग्रंथपालांना सापडायच्या. “अगं, लोकांची काळजं पुस्तकात ठेवून परत देतेस,” असं ते म्हणायचे. फेकवत नाहीत म्हणून एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. मात्र त्यांनीच मला एक सवय लावली होती: जे जसं केलं तसं जागच्या जागी पेन्सिलीने लिहून ठेवायचं. मारुतीच्या पट्टीवर मी कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘लीड एक बरगडी वर. लेपामुळे. ताप १०३.’

तीन दिवसांनी, गुरुवारी, मारुती परत आला. ताप उतरलेला नव्हता. बाकावर रांगेत बसला होता. मी दारात आले तसा त्याने सदरा वर करून दाखवला.

“बाई, सुटला बघा लेप. आपसूक.”

“आत या,” म्हणून मी वळले. मागे सुमनचा दबका आवाज ऐकू आला, “आवं, लोकं बघत्यात, नीट बसा की.” मी पुन्हा वळून पाहिलं. मारुतीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ती संकोचून त्याला ढकलत होती. त्याचे डोळे उघडे होते आणि ते कुणाकडेच पाहत नव्हते.

आमच्या दवाखान्यातल्या शेलार सिस्टर माझ्याआधी पोचल्या. मारुतीला फरशीवर घेतलं, मानेवर दोन बोटं ठेवली आणि त्या गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी त्याच्या छातीवर दाब देऊ लागल्या. तोंडाने मोजत होत्या. मी झटका द्यायचं यंत्र आणायला धावले. ते आमच्याकडे होतं, पण कधी वापरलं नव्हतं. धूळ बसू नये म्हणून सिस्टरांनीच जुन्या पडद्याचा अभ्रा शिवून त्याला घातला होता. चार बाजूंना नाड्या, नाड्यांना गाठी. एक गाठ सुटेना. मी ड्रेसिंगच्या कात्रीने अभ्रा टराटरा कापला. सिस्टरांनी दाब न थांबवता म्हटलं, “फाडा, फाडा. नवा शिवते.”

यंत्राच्या पडद्यावर मेंढरं नव्हतीच. वारूळ फुटल्यावर मुंग्या धावतात तशी रेघ वळवळत होती. डॉक्टर आले, सगळ्यांना दूर व्हायला सांगून त्यांनी झटका दिला. मारुतीचं अंग उचललं गेलं. रेघ सपाट झाली. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन. मग एक सुळका आला. मोठं अंतर. दुसरा. मग तिसरा, चौथा, आणि मेंढरं पुन्हा ओळीने चालायला लागली.

थोड्या वेळाने मारुती कण्हला. सिस्टर भिंतीला टेकून बसल्या आणि आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. डॉक्टर मला म्हणाले, “बाई, तुम्ही हसताय का रडताय?”

रुग्णवाहिकेने त्याला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सुमन बरोबर गेली.

बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू झालं की लोकांना वाटतं गोष्ट संपली. खरी गोष्ट तिथे सुरू होते. ते बंद का पडलं? कारण सापडलं तर पुढच्या वेळेची तजवीज करता येते. नाही सापडलं तर माणूस घरी जातो आणि पुढच्या वेळी जवळ शेलार सिस्टर नसतात.

शनिवारी दुपारी मारुतीचा धाकटा भाऊ दत्ता दवाखान्यात आला, जुने केसपेपर न्यायला. तो कापूरहोळला राहतो, टेम्पो चालवतो. खुशीत होता.

“समदे रिपोर्ट चांगले आले बाई. नळ्या साफ, हृदय तगडं, रक्त चांगलं, फोटूबी एक नंबर. सोमवारी घरी सोडत्यात.”

“मग झालं कशामुळे?”

“बैलानं. डॉक्टर म्हनत्यात, मुक्या मारानं हृदयाला हबका बसला असंल. अजून एक मोठी तपासनी करू म्हनत हुते, पर कारन सापडलंय तर कशाला? झोडनी तटलीया. आन पाखऱ्याला बुधवारी बाजारात उबा करतो.”

बैलाच्या ढुशीने सगळ्यांचंच समाधान झालं होतं. घरच्यांचं, आमचं, पुण्याचं. माझं होईना. ‘फोटूबी एक नंबर’ हे शब्द डोक्यातून जाईनात. पुण्यात लीड चौथ्या फटीत लावल्या असणार, बरोबर जागी. मग माझी ती घसरगुंडी गेली कुठे?

त्याच दुपारी डॉक्टर जेवायला गेल्यावर मी त्यांच्या कपाटातला ईसीजीचा जाड ग्रंथ काढला. मी तो आधीही चाळला होता, फावल्या वेळात, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेले आणि एका पानावर चित्र सापडलं. तीच घसरगुंडी. खाली लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: काही माणसांच्या हृदयात विजेचा जन्मजात दोष असतो. हृदय धडधाकट असतं, नळ्या साफ असतात. दोष एरवी लपून राहतो. तापात उघडा पडतो. आणि कधीकधी चौथ्या फटीत दिसतच नाही. लीड एक बरगडी वर लावली तरच दिसतो.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. त्या दिवशी मारुतीला ताप होता. लीड वर होत्या. सासऱ्याच्या लेपाने मला बरोबर तिथे ढकललं होतं जिथे तो दोष दिसतो, आणि मी तो चूक म्हणून रद्द केला होता.

पट्टी कुठे होती? दवाखान्यात नव्हती. ती माझ्या पुस्तकात होती, निळ्या बांधणीच्या एका प्रवासवर्णनात, आणि पुस्तक मी शुक्रवारी वाचनालयात परत केलं होतं.

मी चपला घालून निघाले. भोरच्या बाजारातून इतक्या वेगाने मी कधी चालले नसेन. ओळखीच्या दोघी हाक मारून थांबल्या, मी थांबले नाही. वाचनालयात ग्रंथपाल टेबलाशी बसून फाटक्या पुस्तकाला डिंक लावत होते.

“अहो, ते निळं पुस्तक.”

“ते गेलं. काल संध्याकाळीच कुणी नेलं.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. “पट्टी हवी आहे का?”

खणातून पत्र्याचा डबा निघाला. सगळ्यात वर मारुतीची पट्टी. त्यांनी मागे बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव आणि पान लिहिलं होतं.

“एकशे बारा,” ते म्हणाले. “तिथपर्यंतच वाचलंस. पुढे फार छान आहे.”

मी ऐकत नव्हते. मी घसरगुंडी पाहत होते. ती होती तशीच होती.

आमच्या डॉक्टरांनी पट्टीचा फोटो मोबाईलवर पुण्याच्या हॉस्पिटलला पाठवला. रविवारी उत्तर आलं: लीड चुकीच्या जागी लावलेली दिसते, दुर्लक्ष करावे. डॉक्टर म्हणाले, “बाई, तेही तेच म्हणतात. तुम्ही स्वतःच लिहिलंय ना कोपऱ्यात.” त्यांचं बरोबर होतं. रात्री मी ग्रंथपालांना म्हटलं, “उद्या रजा टाकते. उगाच हसं होईल का माझं?” ते म्हणाले, “होईल कदाचित. बाकीच्या काढून डबा घेऊन जा, पट्टी चुरगळणार नाही.”

सोमवारी सकाळी मी दत्ताच्या टेम्पोत बसून निघाले. तो भावाला आणायलाच चालला होता. शिवरे मागे पडलं तेव्हा मी विचारलं, “दत्ता, तुमचे वडील कशाने गेले?”

“आबा? म्या ल्हान हुतो. तापच आलता. जेवलं, झोपलं, सकाळी उठलंच न्हाईत. आई म्हनायची, तापात गेलं.”

मी मांडीवरचा डबा घट्ट धरला.

“बाई, गाडी हळू घिऊ का? तुमचं त्वांड उतरलंय.”

“नाही. जोरात घे.”

हॉस्पिटलात मारुती पलंगावर बसून चहा पीत होता, घरचे कपडे घालून. सुमन पिशव्या भरत होती. हृदयाच्या डॉक्टर मॅडम सोडण्याच्या कागदावर सही करायला आल्या होत्या. मी डबा उघडून पट्टी पुढे केली.

त्यांनी ती ओळखली. “ही तुम्ही काढलीत का? चौथी फट माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे, मॅडम. ही चुकीच्या जागी काढली, हे खरं आहे. तेच सांगायला भोरहून आले.” टेम्पोत पाठ केलेलं वाक्य मी पूर्ण केलं. “आता तुम्हीही एकदा चुकीच्या जागी काढून बघा.”

मारुतीने कप खाली ठेवला. मॅडम पट्टीच्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. फोटोत तो कोपरा अर्धाच आला होता.

“ताप एकशे तीन? ह्यांना ताप होता? इथे आले तेव्हा अंग गार होतं. आम्हाला कुणी बोललं नाही.”

“ताप तर हुताच की,” सुमन म्हणाली. “पर ताप काय, समद्यांनाच येतो. तुमी बैलाचं इचारत हुता, मी बैलाचं सांगत हुते.”

“आणि ह्यांचे वडील,” मी म्हणाले, “दत्ता, सांग.”

दत्ताने सांगितलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. कागद घडी करून खिशात ठेवला आणि नर्सला ईसीजीचं यंत्र आणायला सांगितलं. यंत्र आल्यावर माझ्याकडे वळल्या.

“तुम्हीच लावा. तुमची चूक तुम्हीच करा.”

मी बोटाने फटी मोजल्या. एक, दोन, तीन. तिसरीवर थांबले. पट्टी सरकू लागली आणि आम्ही सगळे तिच्यावर वाकलो. घसरगुंडी नव्हती. सुळक्याच्या पायथ्याशी एक लहानसा उंचवटा होता, बस.

पण मॅडमचा चेहरा बदलला होता. “ताप उतरलाय,” त्या म्हणाल्या, जणू स्वतःशीच. “पण हा उंचवटा मला आवडत नाही. आज घरी जायचं नाही.”

“म्हंजी झोडनी?” दत्ता म्हणाला.

“गप ऱ्हा,” सुमन म्हणाली.

दोष लपला असेल तर तो बाहेर काढायला एक औषध असतं. ते हळूहळू शिरेतून द्यायचं आणि दर मिनिटाला पट्टी काढायची. औषधानेच हृदय बिथरू शकतं, म्हणून झटक्याचं यंत्र शेजारी तयार ठेवायचं. मॅडमनी हे सगळं मारुतीला आणि सुमनला बसवून समजावलं. मारुती म्हणाला, “करा. एकदा जाऊन आलोयच.”

मला आत उभं राहू दिलं. पहिलं मिनिट, काही नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. मारुती छताकडे पाहत होता. चौथ्या मिनिटाला तो उंचवटा किंचित रुंद झाला. पाचव्याला सुळक्याचा उतार तिरका व्हायला लागला. सहाव्या मिनिटाला रेघ वर थबकली, आणि तिरकी घसरत जमिनीच्या खाली गेली.

“आली,” मॅडम अगदी हळू म्हणाल्या आणि औषध बंद केलं.

माझी पट्टी त्यांनी नव्या पट्टीशेजारी धरली. एकाच काळजाच्या दोन रेघा. मग म्हणाल्या, “फोटोला उत्तर मीच दिलं होतं. दुर्लक्ष करावे, म्हणून.”

“मी तर मॅडम, पट्टी काढली त्याच दिवशी दुर्लक्ष केलं होतं,” मी म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी घरच्यांना समजावलं. हृदयाच्या विजेत जन्मापासून दोष आहे, ताप आला की उफाळतो. कॉलरच्या हाडाखाली एक लहान यंत्र बसवायचं. हृदय पुन्हा बिथरलं तर ते आतूनच झटका देईल. ताप अंगावर काढायचा नाही. काही औषधं कधीच घ्यायची नाहीत, त्यांची यादी खिशात ठेवायची. भावालाही तपासायचं. दत्ताचा ईसीजी लगेच काढला, तिसऱ्या फटीतून आणि चौथ्या फटीतूनही. साफ आला.

“मग बैलाचं काय?” दत्ताने विचारलं.

“बैलाचा काही संबंध नाही,” मॅडम म्हणाल्या.

“कसा न्हाई?” मारुती म्हणाला. “त्यानं ढुशी दिली म्हून दवाखान्यात गेलो. नुसत्या तापासाठी कोन जातंय? आबा गेलं हुतं का?”

“आन माज्या बापाच्या लेपाचं?” सुमन म्हणाली. “ते सांगा की आदी.” मग तिने घरी फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: “पाखऱ्याला वैरण टाका. त्यानं काय केलं न्हाई.”

संध्याकाळी एसटीने परतताना मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. पट्टी मॅडमनी ठेवून घेतली होती. इतका आनंद मला फार कमी वेळा झाला असेल. कापूरहोळच्या फाट्यापर्यंत मी तीच सहा मिनिटं पुन्हा पुन्हा आठवत होते. तिथून पुढे वेगळंच मनात यायला लागलं. इतक्या वर्षांत किती पट्ट्या मी ‘लीड हलली’, ‘पेशंट हलला’ म्हणून रद्द केल्या? उत्रोलीच्या आबांसारखी किती माणसं ‘तापात गेली’? घरी येऊन ग्रंथपालांना हे सांगितलं. ते म्हणाले, “यापुढे फेकू नकोस. आणि पुस्तकात ठेवू नकोस.” त्यानंतर दवाखान्यात रद्द पट्ट्यांची वेगळी फाईल झाली. डॉक्टर आणि मी दर शनिवारी ती चाळायचो.

गेल्या वर्षी ग्रंथपाल आजारी पडले. लांबलेलं दुखणं होतं, हृदयाशी संबंध नव्हता. शेवटची पट्टी काढावी लागते, रेघ सपाट आहे याची खात्री म्हणून. ती मी काढली नाही. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीने काढली. फटी बोटाने मोजल्या तिने. मी पाहत होते.

त्यानंतर मी काम सोडलं. वाचनालयात आता नवे ग्रंथपाल आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी ते निळं पुस्तक माझ्याकडे पाठवलं. जुन्या नोंदवहीत माझ्या नावापुढे आमच्या ग्रंथपालांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं म्हणे, ‘अर्धं राहिलंय.’ मी ते कपाटावर ठेवून दिलं.

आणि गेल्या आठवड्यात दारात मारुती. हातात तांदळाची पिशवी.

“बाई, ताप आलता मंगळवारी. एकशे एक. अंगावर काढला न्हाई. तडक भोरात आलो, नव्या दवाखान्यात. तिथं एक पोरगी हाय फोटू काढायला. चांगली हाय. तिनं बरुबर मोजून चौथ्या फटीत लावलं. म्या म्हनलं, हितं न्हाई. एक बरगडी वर लाव.”

“मग?”

“ती म्हनली, काका, तशी पद्धत न्हाई. म्या म्हनलं, माज्यासाठी हाय. जुन्या दवाखान्याच्या बाईंना इचार.” तो हसला. “लावली. आली जराशी घसरगुंडी. ताप उतरस्तवर ठिवून घेतलं, सोडलं काल. तिनं दोन काढल्या, एक तुमच्यासाठी मागून घेतली. ग्रंथपाल साहेबांच्या डब्यात ठिवा.”

पाखऱ्या म्हातारा झालाय, आता औताला नसतो, असंही त्याने सांगितलं. चहा घेऊन तो गेला.

मी पट्टी उन्हाकडे धरून पाहिली. सुळका, आणि त्याच्या उताराला जेमतेम तिरपेपणा. मेंढरं ओळीने. डबा वरच्या फळीवर होता, काढला नाही. निळं पुस्तक खाली घेतलं, एकशे बारावं पान उघडलं, आणि दुपारभर वाचत बसले. ते म्हणाले होते तसं पुढे खरंच छान आहे. दिवेलागणीच्या वेळी उठताना खूण ठेवायला ती पट्टीच घेतली. आधी तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: ‘लीड एक बरगडी वर. ताप १०१. मुद्दाम.’